भांडे ओळखा, मग घासा



बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. आमच्या वस्तीत खीरदानासाठी मंडळाचा जर्मनचा मोठा टोप काढला होता. खीर छान झाली, सगळ्यांना पुरली. पण तळाशी चांगली बोटभर लागली. टोप साफ करायला तीन तरुण मुले आपणहून पुढे आली. त्यांनी टोपात गरम पाणी ओतले, कपडे धुण्याचा सोडा दोन मुठी टाकला आणि टोप रात्रभर तसाच ठेवला. सकाळी खरवड सुटली खरी, पण टोप आतून काळाठिक्कर पडला होता. पोरांचे चेहरे उतरले. मंडळाच्या वस्तूचे नुकसान झाले म्हणून एकजण तर वर्गणी काढून नवा टोप आणायच्या गोष्टी बोलू लागला.

आम्ही तिथेच उभे होतो. तेवढ्यात शेजारच्या आजी आल्या. त्यांनी टोपात डोकावून पाहिले आणि म्हणाल्या, "अरे बाळांनो, जर्मनला सोडा घालतात का कुणी? जा, घरातून चिंच घेऊन या." टोप पाण्याने भरला, त्यात मूठभर चिंच टाकली आणि भट्टीवर ठेवून अर्धा तास उकळला. पाणी ओतून दिले तेव्हा काळा रंग बराचसा निघून गेला होता. उरलेला नारळाच्या शेंडीने घासल्यावर गेला. टोप वाचला, मंडळाचे पैसे वाचले आणि पोरांना एक धडा मिळाला.

तो धडा आज आम्ही आपल्यापुढे ठेवणार आहोत. ज्या चिंचेने जर्मनचा टोप उजळला, तीच चिंच लोखंडी तव्याला लावून ठेवली तर तवा खराब होतो. ज्या सोड्याने टोप काळा झाला, त्याचाच धाकटा भाऊ म्हणजे खाण्याचा सोडा, तो स्टीलचे करपलेले पातेले सहज सोडवतो. म्हणजे औषध चांगले की वाईट हे रोगी पाहून ठरते. तसे घासायचे साहित्य भांडे पाहून निवडावे लागते.

कुणी म्हणेल, भांडी घासण्यावर एवढे काय लिहायचे? पण भांडे ही आपल्या समाजात कधी साधी वस्तू नव्हती. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' या भाषणात बाबासाहेबांनी अहमदाबाद जिल्ह्यातल्या एका गावची हकीकत दिली आहे. नोव्हेंबर १९३५ मध्ये तिथल्या अस्पृश्य समाजातील काही बऱ्या स्थितीच्या घरांतील स्त्रिया धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या. एवढ्याच कारणावरून त्यांना मारहाण झाली. आज आपल्या घरातल्या मांडणीवर ओळीने भांडी चकाकतात. कुणी भिशीच्या पैशांतून घेतली, कुणी बोनसमधून, कुणी लेकीच्या लग्नात नाव कोरून दिली. अशी कष्टाने आलेली वस्तू चुकीच्या घासण्याने वाया जाऊ नये, आणि तिच्यातले अन्न पोटाला बाधू नये, एवढ्यासाठी हा लेख.

आधी साहित्य ओळखू या

आपल्या घरातल्या साहित्याचे तीन गट पाडता येतात. पहिला गट आंबट वस्तूंचा: चिंच, लिंबू, आंबट ताक, व्हिनेगर. आंबटाने धातूवरचा काळपटपणा, हिरवट डाग आणि जड पाण्याचे पांढरे थर विरघळतात. दुसरा गट खाराचा: खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा आणि लाकडाची राख. खाराने तेलकटपणा आणि करपलेले अन्न सुटते. राखेने तुपातेलाची भांडी स्वच्छ होतात त्याचे कारण हेच. राखेतला खार तेलाशी मिळून एक प्रकारचा साबणच तयार करतो. तिसरा गट नुसत्या घासणाऱ्या वस्तूंचा: जाडे मीठ, बेसन, तांदळाचे पीठ, नारळाची शेंडी.

इथे एक गैरसमज दूर करू. पुष्कळजणी सोड्यावर लिंबू पिळतात. मिश्रण फसफसते आणि वाटते, काय जोरदार औषध झाले! प्रत्यक्षात आंबट आणि खार एकमेकांना मारतात आणि उरते ते जवळजवळ साधे पाणी. दोन्ही वापरायचेच असेल तर आधी सोडा वापरा, भांडे धुवा आणि मग लिंबू लावा. एकत्र केले तर दोन्ही वाया.

जर्मनची म्हणजे ॲल्युमिनिअमची भांडी

या धातूवर हवेमुळे आपोआप एक पातळ थर बसतो. तोच त्याचे रक्षण करतो. सोडा, राख आणि ब्लीच यांनी तो थर जातो आणि भांडे काळे पडते. खाण्याचा सोडासुद्धा पाण्यात उकळला की तिखट होतो, म्हणून जर्मनच्या भांड्यात तो उकळू नये.

अन्न करपले असेल तर गरम पाण्यात थोडा भांड्यांचा साबण घालून दहा मिनिटे उकळावे, निवू द्यावे आणि लाकडी उलथन्याने खरवडावे. काळेपणा घालवायला एक लिटर पाण्याला लिंबाएवढी चिंच किंवा पिळलेल्या चार-पाच लिंबांच्या साली पुरतात. पाणी डागाच्या वर येईल एवढे घ्यावे आणि पंधरा-वीस मिनिटे उकळावे. मात्र काम झाले की पाणी लगेच ओतून द्यावे. आंबट फार वेळ राहिले तर तेही हा धातू खाते. म्हणूनच आमटी, सांबार, टोमॅटोची भाजी, लोणचे या भांड्यांत साठवू नये. शिजले की दुसऱ्या भांड्यात काढावे.

जर्मनचा कुकर आतून काळा पडतो अशी तक्रार घरोघरी असते. तळाच्या पाण्यात लिंबाची एक साल किंवा चिंचेचे बुटूक टाकावे, काळे पडणार नाही. कुकरचे झाकण धुताना शिट्टीखालची नळी उजेडाकडे धरून पाहावी. पलीकडचे दिसत नसेल तर सुईने मोकळी करावी. डाळीची साल अडकून नळी बंद झाली की अपघात होतो. रबर कडक झाले असेल किंवा त्याला भेग पडली असेल तर त्याच आठवड्यात बदलावे. तिथे काटकसर करू नये.

तांबे आणि पितळ

ही भांडी बाहेरून उजळायला आंबट आणि मीठ यांची जोडी उत्तम. चिंच दहा मिनिटे भिजवून तिच्यात चिमूटभर मीठ घालावे आणि हाताने चोळावे. चिंच नसेल तर अर्धे लिंबू मिठात बुडवून फिरवावे. आंबट ताकही चालते, आणि टाकून द्यायच्या ताकाचा तो चांगला उपयोग आहे. डाग निघाला की लगेच भरपूर पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने पुसावे. ओले ठेवले तर पुन्हा डाग पडतात.

चिंच लावून भांडे तासभर तसेच ठेवू नये. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. आंबट फार वेळ राहिले की जस्त आधी निघते आणि पिवळ्या भांड्यावर लालसर डाग उरतात. ते घासून जात नाहीत.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पितळेच्या किंवा तांब्याच्या पातेल्यात स्वयंपाक करायचा असेल तर आतून कल्हई हवीच. पितळेत ठेवलेले ताक कळकते हे आपल्या आयाआज्यांना ठाऊक होते. आंबटामुळे तांबे अन्नात उतरते आणि मळमळ, उलट्या, पोटात कळा सुरू होतात. लहान मुलांना तर फारच त्रास होतो. आतला पांढरा थर जाऊन पिवळा किंवा लाल धातू दिसू लागला की ते भांडे चुलीवर चढवू नये. पाण्याला, धान्याला वापरावे, नाहीतर कल्हई करून घ्यावी.

कल्हई म्हणजे कथिलाचा थर. कथिल २३२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून असे भांडे रिकामे तापवू नये आणि त्यात तळण करू नये. आतून राख, वाळू, तारेची घासणी कधीच लावू नये. मऊ फडके आणि साबणाचे पाणी पुरे. कल्हईवाल्याकडे जाल तेव्हा शुद्ध कथिलच वापरा म्हणून स्पष्ट सांगा. त्यात शिसे मिसळलेले असेल तर ते अन्नातून पोटात जाते, आणि शिसे मुलांच्या मेंदूला घातक आहे. हे काम उघड्यावर चालावे, कारण तापल्या भांड्यात नवसागर टाकला की धूर होतो. मुलांना मजा वाटते, पण त्यांना लांब उभे करावे.

पिण्याच्या पाण्याचा तांब्याचा हंडा आतून लिंबू-मिठाने घासला तरी चालतो, पण नंतर दोन-तीन वेळा खळखळून धुवावा. त्यात साधे पाणीच ठेवावे. लिंबाचे सरबत, ताक अजिबात नको.

लोखंडी आणि बिडाचा तवा

भाकरीचा तवा, भाजीची कढई ही भांडी आंबटाला आणि ओलीला घाबरतात. त्यांना भिजत टाकू नये. गरम असतानाच ओल्या फडक्याने पुसावे, फार चिकटले असेल तर पाणी घालून उकळावे आणि शेंडीने घासावे. मग विस्तवावर पूर्ण कोरडे करून तेलाचा हात फिरवावा. हा तेलाचा हातच तव्याचा खरा राखणदार आहे.

गंज चढला असेल तर घाबरू नये. तव्यावर मूठभर जाडे मीठ टाकून कापलेल्या बटाट्याने जोर लावून घासावे. बटाटा काळा झाला की त्याची चकती कापून पुन्हा घासावे. गंज गेला की धुवा, तापवा, तेल लावा. पुढचे दोन-तीन दिवस त्यावर तेलाचेच पदार्थ करा, तवा पुन्हा वळणावर येतो.

लोखंडी कढईत भाजी शिजवल्याने अन्नात थोडे लोह उतरते. आपल्या बायकामुलींत रक्त कमी असण्याची तक्रार फार. म्हणून गंजली म्हणून कढई भंगारात देण्यापूर्वी एकदा हा उपाय करून पाहा. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मात्र चालूच ठेवा; कढई त्यांची जागा घेऊ शकत नाही. आणि शिजलेली भाजी रात्रभर कढईत ठेवू नका. ती काळी पडते आणि चवही बिघडते.

गावाकडे अजून चुलीवर स्वयंपाक होतो. भांडे चुलीवर चढवण्यापूर्वी त्याच्या बुडाला बाहेरून ओली माती किंवा राख चोपडावी. काजळी त्या लेपावर बसते आणि धुताना लेपाबरोबर निघून जाते. जर्मनच्या भांड्याला राखेऐवजी मातीच लावावी.

स्टीलची भांडी

स्टीलमध्ये लोखंडाबरोबर क्रोमिअम असते. त्याच्या अदृश्य थरामुळे ते गंजत नाही. दूध किंवा डाळ करपली तर तळ बुडेल एवढे पाणी घालावे, दोन चमचे खाण्याचा सोडा टाकावा, दहा मिनिटे उकळून गॅस बंद करावा आणि तासभर ठेवावे. मग लाकडी चमच्याने ढकलले तरी खरवड सुटते. तारेने जोर लावून घासले की ओरखडे पडतात, आणि पुढच्या वेळी अन्न त्याच ओरखड्यांत चिकटते.

जड पाण्याचे पांढरे डाग आणि जास्त तापल्याने आलेली निळसर झाक लिंबाने किंवा व्हिनेगरने जाते. स्टीलच्या पातेल्यात गार पाण्यात मीठ टाकून ठेवू नये. तळाशी बसलेल्या मिठाने बारीक खड्डे पडतात आणि ते कधीच भरून येत नाहीत. मीठ उकळत्या पाण्यात घालून ढवळावे. ब्लीचनेही असेच खड्डे पडतात.

बाकीची भांडी

नॉनस्टिक तव्याला तार, राख, मीठ काहीही नको. तो निवू द्यावा, कोमट साबणाच्या पाण्यात ठेवावा आणि मऊ फडक्याने पुसावा. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतले की तो वाकतो. रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवू नये. वरचा थर पापुद्र्यासारखा निघू लागला की तो तवा बाजूला ठेवलेला बरा.

मातीच्या भांड्याला साबण लावू नये, माती तो पिऊन घेते आणि मग कालवणाला वास येतो. गरम पाणी, जाडे मीठ आणि शेंडी यांनी घासावे आणि कडक उन्हात वाळवावे.

प्लॅस्टिकच्या डब्याला हळदीचा पिवळा डाग पडला तर धुऊन उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. चहाच्या कपातले तपकिरी डाग ओल्या बोटावर सोडा घेऊन चोळले की जातात.

पाणी कमी असेल तर

पुष्कळ वस्त्यांत नळाला तास-दीड तासच पाणी येते. अशा वेळी आधी उष्टे काढून घ्यावे आणि तेलकट भांडी रद्दीच्या कागदाने पुसावी. दुधाची, अंड्याची आणि कणकेची भांडी आधी गार पाण्याने विसळावीत. गरम पाणी घातले तर ती जास्त चिकटतात. प्रथम पेले-कप, मग ताटे-वाट्या आणि शेवटी तेलकट कढया असा क्रम ठेवला तर एक बादली पाण्यात बरेच काम होते. मासळी-मटणाच्या भांड्यांचा वास जायला बेसन किंवा लिंबाची साल फिरवावी.

हे मात्र करू नका

संडास-बाथरूम साफ करायचे ॲसिड स्वयंपाकाच्या भांड्यांना कधीही लावू नये, कितीही हट्टी डाग असो. आणि ॲसिड व ब्लीच हे एकत्र तर कधीच करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत तो छातीत गेला तर जिवावर बेतते. चुकून असे झालेच तर सगळे टाकून ताबडतोब मोकळ्या हवेत या, आणि खोकला, धाप थांबत नसेल तर दवाखाना गाठा. अशा बाटल्या शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवू नका. पोरे पाणी समजून तोंडाला लावतात.

आपल्यापैकी पुष्कळ भगिनी चार घरची भांडी घासून संसार चालवतात. त्यांच्यासाठी एक सांगणे आहे. तुमचे हात हेच तुमचे भांडवल. घासायच्या पावडरीने बोटांच्या पेरांना भेगा पडतात आणि त्या भेगांत पुन्हा तिखट-मीठ जाते. काम संपले की हात साध्या पाण्याने धुऊन कोरडे करा आणि खोबरेल चोळा. हाताला चीर असेल त्या दिवशी लिंबू-चिंच नको. कामाच्या घरी रबराचे हातमोजे मागायला संकोच करू नका. कुणी हातात ॲसिडची बाटली देऊन "याने घास" म्हणाले तर "याने भांडे आणि हात दोन्ही जातील" असे शांतपणे सांगा. हे सांगण्यात उद्धटपणा नाही, जाणकारी आहे.

दुसरे सांगणे बंधूंना. दिवसभर बाहेरची भांडी घासून आलेल्या आईने घरी येऊन पुन्हा आपलीच भांडी घासावीत, हे बरे दिसत नाही. जेवलेले ताट ज्याने त्याने धुवावे, एवढ्यापासून सुरुवात करा. मुलगा असो की मुलगी, दहा वर्षांच्या मुलाला स्टीलचे पातेले कसे सोडवायचे आणि तवा कसा पुसायचा हे आलेच पाहिजे.

आमच्या वस्तीतल्या त्या तीन मुलांनी पुढच्या वर्षीही टोप घासला. या वेळी सोडा न घेता ते आधी आजींच्या दारात गेले आणि म्हणाले, "आजी, स्टीलची तीन पातेली आहेत आणि जर्मनचा टोप आहे. कशाला काय लावायचे ते सांगा." आजी दारातच बसून सांगत होत्या आणि पोरे घासत होती. संध्याकाळी सगळी भांडी पुसून, मोजून मंडळाच्या खोलीत गेली.

तेव्हा आज रात्री जेवणे झाल्यावर आपली मांडणी एकदा नीट पाहा. कुठले जर्मन, कुठले स्टील, कुठल्या पातेल्याची कल्हई गेली आहे, कुकरचे रबर कसे आहे, ते मुलांना जवळ घेऊन दाखवा. पितळेच्या एखाद्या जुन्या भांड्यावर आजीचे नाव कोरलेले असेल तर चिंच-मिठाने तेही उजळवा, आणि ते भांडे घरात कसे आले याची हकीकत मुलांना सांगा.